मोत्याचे टपाल

दिवाळीचा अंक म्हटला की त्याला वास चांगला हवा. उटण्याचा, सुवासिक तेलाचा, तुपावर भाजलेल्या बेसनाचा. काही नाही तर निदान कोऱ्या कागदाचा आणि ताज्या शाईचा. अशा अंकात मी आज ज्या वासाबद्दल लिहिणार आहे, तो पाहून काही वाचकभगिनी नाकाला पदर लावतील याची मला पूर्ण कल्पना आहे. सुरुवात आमच्या घरातच झाली. विषय ऐकल्याबरोबर हिने हातातला झारा कढईच्या काठावर आपटला आणि म्हणाली, "अहो, बाकीची माणसं दिवाळी अंकात कथा लिहितात, प्रवासवर्णनं लिहितात. तुम्ही कुत्र्याच्या मुतण्यावर लिहिणार?"

मी म्हटले, "होय."

"मग माझं नाव त्यात घालू नका."

तेव्हा हिचे नाव यात येणार नाही. पण ही स्वतः येणार, त्याला माझा इलाज नाही. कारण गेल्या वर्षी आमच्या घरात जे रामायण घडले, त्यात आम्ही सगळेच होतो.

आमचा मोत्या हा काही जातिवंत कुत्रा नव्हे. सहा वर्षांपूर्वी आषाढातल्या एका संध्याकाळी चिरंजीव कचेरीतून आले, तेव्हा त्यांच्या रेनकोटाच्या आत एक ओले, थरथरणारे, चहाच्या रंगाचे पिल्लू होते. आमच्याच सोसायटीत उभ्या असलेल्या एका स्कूटरखाली म्हणे ते सापडले. "फक्त पाऊस थांबेपर्यंत" या बोलीवर ते घरात आले. पुण्याचा पाऊस त्या वर्षी आश्विनात थांबला, आणि तोवर त्याचे नाव, त्याची ताटली आणि दिवाणाखालची त्याची जागा ही सगळी कायम होऊन गेली होती.

पुढे मी बँकेतून निवृत्त झालो. निवृत्त माणसाला काम नसते असा एक समज असल्यामुळे मोत्याला सकाळ-संध्याकाळ फिरवण्याचे खाते माझ्याकडे आले. आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापर्यंत विजेचे अकरा खांब आहेत. मला कसे ठाऊक म्हणाल, तर मोत्या त्या अकराही खांबांपाशी थांबतो. नुसता थांबत नाही, तर वरपासून खालपर्यंत हुंगतो, मागे सरतो, पुन्हा हुंगतो, मग पाय वर करून चार थेंब टाकतो आणि पुढच्या खांबाकडे निघतो. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला हा व्यवहार कळेना. सगळी रक्कम एका ठिकाणी भरून मोकळे व्हायचे सोडून हा गृहस्थ अकरा ठिकाणी अकरा खाती उघडत होता! मी आपला पट्टा ओढी, "चल रे, चल" म्हणे, आणि वीस मिनिटांत फेरी उरकून घरी येऊन वर्तमानपत्र उघडी. माझे वाचन कुणी मध्येच ओढून थांबवले तर मला किती राग येतो हे साऱ्या घराला माहीत आहे. पण त्याचा आणि याचा काही संबंध असेल असे तेव्हा मनातसुद्धा आले नाही.

गेल्या वर्षी वैशाखात चिरंजीवांचे लग्न झाले. सूनबाई नागपूरच्या. मुलगी गुणी, शिकलेली, पण बोलणे मोजके. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली. वडिलांनी आणि मावशीने मिळून लग्न उभे केले. येताना तिने दोन नव्या कोऱ्या सुटकेसी आणल्या आणि एक जुनी खाकी रंगाची कापडी बॅग. तिची चेन अर्धीच लागत होती.

सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी नवी जोडी एका नातलगांकडे जेवायला गेली होती. दुपारी मी आडवा होतो न होतो तोच आतल्या खोलीतून हिची आरोळी आली. जाऊन पाहतो तो मोत्या भिंतीशी उभा, आणि कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या त्या खाकी बॅगेचा एक कोपरा ओला झालेला. सहा वर्षांत या कुत्र्याने घरात एकदाही असे केले नव्हते. मी हातातले वर्तमानपत्र गुंडाळले आणि त्याच्या पाठीवर दोन ठेवून दिले. त्याने कान पाडले, शेपूट पोटाखाली घेतली आणि तोंड भिंतीकडे वळवले.

"बघा, बघा," ही म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं! सगळं कळतंय त्याला."

मग तिने कंबर कसली. बॅग रिकामी केली. आतले कपडे आणि बॅग वेगवेगळ्या बादल्यांत साबणाच्या पावडरीत भिजवली, घासली, दोनदा खळबळली, शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचे झाकणभर घातले आणि सगळे गॅलरीतल्या दोरीवर वाळत टाकले. सूनबाई येण्याच्या आत घरात काही झाल्याचा मागमूस राहू नये, असा तिचा चांगला हेतू.

सूनबाई आली, गॅलरीत गेली आणि दोरीपाशी बराच वेळ उभी राहिली. काय झाले ते हिने सांगितले. ती "बरं" म्हणाली आणि खोलीत गेली. संध्याकाळी तिचे डोळे सुजलेले होते. नव्या सुनेच्या सामानावर कुत्रा असे करतो, म्हणजे तिला अपमान वाटणारच, असा आम्ही अर्थ लावला. मी म्हटले, "अगं, उद्याच लक्ष्मी रोडवरून नवी बॅग आणू." ती म्हणाली, "नको बाबा. बॅगेचं काही नाही."

पुढच्या दहा दिवसांत हाच प्रकार आणखी दोनदा झाला: एकदा दारातल्या चपलांच्या मांडणीवर, नेमका तिच्या चपलांच्या बाजूला, आणि एकदा त्यांच्या खोलीच्या चौकटीवर. आता घरात न्यायालय बसले. "मत्सर हो, दुसरं काय," शेजारचे काका म्हणाले. "घरात नवी लक्ष्मी आली आणि हा तिच्यावर सूड उगवतो," ही म्हणाली. सासवडच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे शेत आहे. रविवारी मोत्याला तिथे पोचवायचे ठरले. त्या रात्री चिरंजीव जेवले नाहीत. सूनबाईही ताटावर नुसतीच बसून होती.

शेतावर पाठवण्याआधी त्याच्या लशी पुऱ्या करून घ्याव्यात म्हणून शनिवारी मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरबाई वयाने आमच्या सुनेएवढ्याच. मी लशींचे कारण सांगितले आणि ओघात गुन्हाही सांगितला. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

"काका, किती केलं होतं? भरपूर, की चार थेंब?"

"चार थेंबच."

"फरशीवर, की उभ्या वस्तूवर?"

मी आठवून पाहिले. बॅग, मांडणी, चौकट. "उभ्या वस्तूवर."

"पाणी जास्त पितो? वारंवार बाहेर जायला मागतो? करताना त्रास होतो?"

"नाही."

"आणि घरात नवीन काय आलं?"

मी म्हटले, "सून."

त्या हसल्या. तरीसुद्धा लघवी तपासून घेतली. कारण चांगल्या वळणाचा कुत्रा एकाएकी घरात करू लागला की आधी मूत्रमार्गाचा दाह, मूतखडा, मधुमेह यांपैकी काही नाही ना हे पाहावे, शिक्षेचा विचार नंतर, असे त्यांचे म्हणणे. तपासणीत काही निघाले नाही. "हा आजार नाही आणि सूडही नाही," त्या म्हणाल्या. "ही गंधखूण आहे. त्याच्या घरात एक अनोळखी माणूस राहायला आलंय. त्या माणसाचं सामान, चपला, कपडे, सगळ्यांना वेगळा वास आहे. तो गोंधळलाय. जिथे तो वास सगळ्यांत जास्त आहे, तिथे त्याने आपला वास शेजारी ठेवला. तुम्ही त्याला शेतावर पाठवा किंवा ठेवा, पण निदान खोट्या गुन्ह्याखाली पाठवू नका."

मी म्हटले, "पण त्याचं ऑपरेशन तर लहानपणीच झालंय." त्या म्हणाल्या, नसबंदीने ही सवय बऱ्याच नरांत कमी होते, पण सगळ्यांत नाही, आणि पुष्कळ माद्याही खुणा करतात.

रविवार टळला. मी मात्र इरेला पेटलो आणि पुढचे दोन महिने मिळेल ते वाचत सुटलो. त्यातले वाचकांच्या उपयोगाचे तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट नाकाची. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. आपण ज्या नाकपुडीने हवा आत घेतो तिनेच समोर सोडतो. कुत्रा मात्र उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून सोडतो, त्यामुळे आत येणारा वास उधळला जात नाही. शिवाय त्याच्या टाळूच्या वर, पुढच्या दातांच्या मागे, वास घेणारे आणखी एक इंद्रिय असते. डॅनिश शल्यवैद्य लुडविग याकोबसन याने १८१३ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव त्याला मिळाले. मोत्या एखादा खांब चाटून दात कडकड वाजवतो तेव्हा त्याला थंडी वाजते असे मला वाटे. तो बहुधा वास त्या इंद्रियाकडे पोचवत असतो. पणींनी पळवलेल्या गाईंचा माग काढायला इंद्राने सरमा नावाची कुत्री पाठवली अशी कथा ऋग्वेदात आहे. देवांनाही या कामाला कुत्रीच लागली!

दुसरी गोष्ट मजकुराची. कुत्र्याच्या लघवीत तो नर की मादी, मादी असेल तर माजावर आहे की नाही, आणि तो नेमका कोण, एवढे तरी दुसऱ्या कुत्र्याला कळते. भाद्रपदात एका गल्लीतल्या कुत्रीचा सुगावा चार गल्ल्यांपलीकडच्या कुत्र्यांना कसा लागतो, हे यावरून उमजावे. आणि पाय वर का करायचा? तर मजकूर दुसऱ्याच्या नाकाच्या उंचीवर जावा म्हणून. जमिनीवरचे पायाखाली जाते; खांबावरचे वाऱ्यावर पसरते. आपण घराची पाटी उंबऱ्यावर लावत नाही, दारावर लावतो, तसेच हे. मोटारीच्या चाकाचा मोह कुत्र्यांना का होतो, तेही मला आता नवल वाटत नाही. चाक उभे असते, आणि ते कुठल्या कुठल्या गावचे वास घेऊन आलेले असते.

यातही शहाणपणा करणारे आहेत. अमेरिकेत बेटी मॅग्वायर या बाईंनी कुत्र्यांची चित्रे घेऊन पाय किती अंशांत वर जातो हे मोजले. २०१८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की लहान चणीचे कुत्रे मोठ्यांपेक्षा पाय अधिक वर करतात. उंच खूण म्हणजे मोठा कुत्रा, असा वाचणाऱ्याचा समज व्हावा असा त्यात डाव असावा. आमच्या बँकेतही काही मंडळींची सही त्यांच्या हुद्द्यापेक्षा मोठी असे.

लोक म्हणतात, कुत्रा खुणा करतो तो आपली हद्द आखायला. लांडग्यांच्या बाबतीत यात पुष्कळ तथ्य आहे. पीटर्स आणि मेक या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जंगलात लांडग्यांचा माग काढला. १९७५ साली त्यांनी लिहिले, की कळपाच्या मुलखाच्या कडेला मध्यापेक्षा सुमारे दुप्पट खुणा आढळतात. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचाही असा अभ्यास झाला आहे. पश्चिम बंगालमधल्या काटवा गावी सुनीलकुमार पाल यांनी तो केला आणि २००३ साली प्रसिद्ध केला. नर माद्यांपेक्षा जास्त वेळा खुणा करतात असे त्यांना दिसले. पण घरातल्या कुत्र्याचे पाहा. 'प्रवेश बंद' ची पाटी वाचून आपण मागे फिरतो. मोत्या परक्या खुणेपासून दूर पळत नाही. उलट धावत तिच्याकडे जातो. म्हणजे ही पाटी नव्हे. हा चावडीवरचा फळा आहे. कोण आले, कोण गेले, कोण नवीन, सगळे त्यावर असते. वाचायचे, आणि खाली आपली हजेरी लावायची.

लिहिण्यापेक्षा वाचणे महत्त्वाचे, हे मला मार्क बेकॉफ या गृहस्थांमुळे पटले. हे अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातले प्राध्यापक. त्यांचा जेथ्रो नावाचा कुत्रा होता. पाच हिवाळे या विद्वानांनी काय केले, तर जेथ्रोने आणि इतर कुत्र्यांनी पिवळा केलेला बर्फ हातमोजे घालून उचलला आणि जेथ्रोच्या वाटेवर दुसरीकडे नेऊन ठेवला. येणारेजाणारे काय म्हणत असतील ते असो! २००१ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: स्वतःच्या खुणेपाशी जेथ्रो थोडा वेळ थांबे, दुसऱ्यांच्या खुणेपाशी जास्त. स्वतःचे पत्र कोण पुन्हा पुन्हा वाचतो? दुसऱ्याचे आलेले वाचायचे असते.

आणि हे केवळ कुत्र्यांचेच नाही. वाघही झाडावर अशीच पिचकारी मारून खूण करतो. कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी यांनी ओडिशातल्या सिमलीपालच्या खैरी नावाच्या पाळीव वाघिणीपासून हा अभ्यास केला. त्यांना वाघाच्या त्या पिचकारीत जो सुगंधी पदार्थ सापडला, तोच बासमती तांदळाला वास देतो. हे मी उत्साहाने स्वयंपाकघरात जाऊन सांगितले. त्या दिवशी मसालेभात होता. हिने पातेल्यावर झाकण ठेवले आणि मला बाहेर काढले.

आता राहिले ते 'चोराच्या मनात चांदणे'. त्याचेही उत्तर मिळाले, आणि ते वाचून मला त्या दोन फटक्यांची लाज वाटली. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला खाऊ दाखवून "खायचा नाही" असे बजावून मालक बाहेर जाई. परत आल्यावर मालकाला कधी खरे सांगत, कधी खोटे. म्हणजे कुत्र्याने खाल्लेले नसतानाही "खाल्लं" म्हणून. तो कान पाडलेला, नजर चोरणारा अपराधी चेहरा कुणी केला? ज्याने खाल्ले त्याने नव्हे. ज्याला रागावले त्याने. उलट निरपराध असून बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा चेहरा जास्तच अपराधी होता. म्हणजे मोत्याच्या तोंडावर आम्ही जी कबुली वाचली ती कबुली नव्हती. ती माझ्या हातातल्या वर्तमानपत्राची भीती होती.

डॉक्टरबाईंनी सांगितलेले उपाय साधे होते, ते ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी टिपून ठेवावेत. मागाहून मारू नये. त्याला त्या दोहोंचा संबंध लागत नाही, आणि भेदरलेला कुत्रा जास्त खुणा करतो. जागा नुसत्या फिनेलने पुसू नये, अमोनिया असलेल्या द्रावणाने तर मुळीच नाही. आपल्या नाकाला स्वच्छ वाटते, त्याच्या नाकाला खूण तशीच असते. पाळीव जनावरांच्या डागांसाठी एन्झाइमची द्रावणे मिळतात ती वापरावीत. नवीन वस्तू काही दिवस त्याच्या वाटेत ठेवू नयेत. आणि मुख्य म्हणजे नव्या माणसाशी ओळख करून द्यावी. नव्या माणसाने रोजची पोळी त्याला स्वतःच्या हाताने घालावी, आपली वापरलेली ओढणी त्याच्या अंथरुणापाशी ठेवावी, बरोबर फिरायला जावे.

सूनबाईने हे सगळे मनावर घेतले. संध्याकाळच्या फेरीला ती माझ्याबरोबर येऊ लागली. तिसऱ्या आठवड्यानंतर घरात पुन्हा काही झाले नाही.

श्रावणातली गोष्ट. पाऊस नुकताच उघडला होता. पावसाने खांब धुऊन निघाले होते तरी मोत्याचे काम चालूच होते. सातव्या खांबापाशी तो फार वेळ रमला. सवयीने मी पट्टा ओढला, आणि मग माझे मलाच आठवून थांबलो. सूनबाईला म्हटले, "अर्धं पत्र वाचून झालं असेल बघ, आणि आपण ओढून नेतो." मग तिला जेथ्रोची गोष्ट सांगितली. तान्हे मूल आईला वासाने ओळखते, हेही बोलता बोलता सांगून गेलो.

ती गप्प झाली. नवव्या खांबापाशी म्हणाली, "बाबा, एक सांगू? आईंना वाईट वाटायला नको."

"सांग की."

"त्या बॅगेत माझ्या आईची साडी होती. शेवटच्या आजारपणात नेसायची ती. न धुता ठेवली होती मी. दोन वर्षं. फार आठवण आली की बॅगेची चेन उघडून नुसतं तोंड आत घालून बसायची. त्या दिवशी परत आले तर साडी दोरीवर होती. आईंनी इतकी स्वच्छ धुतली होती, इतकी मायेनं इस्त्रीला काढून ठेवली… काय बोलणार होते मी?"

मला काही सुचेना. मोत्या हुंगत होता.

"मोत्यानं तर बाहेरूनच चार थेंब टाकले होते," ती म्हणाली. "आत काही गेलं नव्हतं. मी पाहिलं असतं तर नुसती बॅग पुसली असती."

चार महिने ही पोर तेवढे मनात ठेवून आमच्यात वावरत होती, आणि आम्ही नवी बॅग आणायला निघालो होतो. मोत्याने पाकिटावर आपली सही केली होती. आतले पत्र धुऊन टाकले ते आम्ही.

रात्री मी हिला सांगितले. ही एक अक्षर बोलली नाही. दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी पावडर जरा जास्तच टाकली होती हो." सकाळी उठून ती सुनेच्या खोलीत गेली. अर्धा तास दार लोटलेले होते. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारलेही नाही. बाहेर आल्या तेव्हा दोघींचेही डोळे लाल होते, आणि चहा सूनबाईने न करता हिने केला.

तेव्हापासून माझी फेरी वीस मिनिटांची राहिलेली नाही. चाळीस होतात, कधी पाऊण तास. हॉरोविट्झ बाईंनी आणि त्यांच्या सहकारी शार्लोट दुरांतों यांनी २०१९ साली असेही दाखवले की, नाक वापरायचे काम दोन आठवडे दिलेले कुत्रे, नुसते मालकाच्या पायाशी चालायला शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा अधिक आशावादी होतात. मोत्या आशावादी झाला की नाही ते मला सांगता येणार नाही, पण घरी आल्यावर तो समाधानाने झोपतो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुत्रा असेल त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की दिवसातून एक फेरी त्याच्या हिशेबाने होऊ द्यावी. आपली वर्तमानपत्रे आपण शेवटच्या पानापर्यंत वाचतोच ना? आणि या दिवाळीत फटाके वाजू लागले की त्याला आतल्या खोलीत घरच्यांच्या वापरलेल्या कपड्यांत बसू द्यावे. त्याचा धीर तिथे असतो. भीतीने घरात काही झालेच, तर वर्तमानपत्र वाचायलाच ठेवावे.

सध्या आमच्याकडे साफसफाई चालली आहे. गेल्या आठवड्यात नागपूरहून सूनबाईच्या वडिलांनी एक पुडके पाठवले. त्यात तिच्या आईने शिवलेली एक जुनी गोधडी आहे. तिला काही वास उरला आहे की नाही, हे मी विचारलेले नाही. मोत्याने मात्र ती चारही कोपऱ्यांनी शांतपणे हुंगली, आणि पाय वर न करता तिच्याशेजारी बसून राहिला.

काल हिने धुवायची कापडे काढली. चादरी, अभ्रे, पडदे, सगळ्यांचा ढीग पडला. बादलीत पाणी सोडले, पावडरीचा डबा उघडला, आणि मग नळ बंद करून सुनेला हाक मारली.

"अगं, जरा इकडे ये. यातलं धुवायचं नाही असं काही आहे का ते आधी बघून घे."